आईने धरलेला सा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये वाढलेली नैना चिप कंपनीतली नोकरी सोडून ऑकलंडला बँडवाल्यांच्या घरात राहायला गेली, तेव्हा तिची आई एवढंच म्हणाली, "धिंगाणाच घालायचाय ना? मग पोटभर खाऊन घाल."

'लेझी कॉमेट' हा बँड तसा विक्षिप्तच. कुठल्या कंपनीशी करार नाही, बागांमधून फुकट कार्यक्रम, आणि गाणं सुरू झालं की कधी संपेल याचा नेम नाही. पण गिटारच्या गदारोळातून नैनाचा आवाज असा वर यायचा की अनोळखी माणसं डोळे मिटून डोलायची. खाली मात्र सतत तानपुरा लागायचा. तो तिच्या फोनमधल्या अ‍ॅपमधून थेट स्पीकरवर जायचा.

त्या रविवारी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉलने त्यांना पहिल्यांदाच मुख्य बँड म्हणून बोलावलं होतं. मालक स्वतः कोपऱ्यात उभा. आज रंग भरला तर उन्हाळाभर दौरा; नाही तर नैनाला पुन्हा नोकरीच्या मुलाखती.

मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरमधून तेलातले रंग पसरत होते. कोलने गिटार थांबवली, शार्दूलने ड्रमवरचे हात उचलले. आता फक्त तानपुरा आणि नैना. तिने सूर लावला आणि तानपुराच गप्प झाला.

फोनच्या स्क्रीनवर 'आई'! रविवारी संध्याकाळी तिचा फोन ठरलेला, आणि नैना एअरप्लेन मोड लावायलाच विसरली होती. कट करायला गेली, तर घाईत उचललाच गेला.

"नैना, जेवलीस का गं?" अख्ख्या हॉलमध्ये घुमलं.

हशा पिकला. मालकाच्या कपाळावर आठी.

नैना फोनवर वाकली. "आई, मी स्टेजवर आहे. तानपुरा बंद पडलाय. सा धर!"

"आत्ता? अगं, कुकर लावलाय."

"धर ना, प्लीज!" तिने सूर गुणगुणला.

"काळी चारची पट्टी," आई लगेच म्हणाली. फ्रीमाँटच्या बायकांना वर्षानुवर्षं भजनं शिकवत आलेला तो गळा लागला. भरदार, जागचा न हलणारा. फोनवरून आवाज जरा उशिरा पोचतो, पण एकाच सुराला उशीर तो कसला?

नैना त्या सुरावर पाय रोवून वर वर चढत गेली. मघाशी हसलेली माणसं डोळे मिटून डोलू लागली.

"काकू, सोडू नका!" शार्दूल ओरडला आणि ड्रमवर तुटून पडला. कोलची गिटार आत घुसली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, नेमकी समेवर! लोक बेभान झाले.

शेवटी मालकच धापा टाकत स्टेजवर आला. "उन्हाळा तुमचा! ही दुसरी गायिकाही येणार ना?"

फोन अजून चालूच होता.

"येईन की," स्पीकरमधून आई म्हणाली. "पण मंगळवारी माझा क्लास असतो, त्याला आधीच सांगून ठेव."