मशिदीचा गिलावा कोण फोडत होतं

त्या तपासाची आठवण झाली की मी आजही वैतागतो, आणि सर्वांत जास्त स्वतःवर.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मधल्या एका वस्तीत जुनी दगडी मशीद होती. भिंती ओल धरू लागल्या म्हणून विश्वस्तांनी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. पुढच्या पावसाळ्यानंतर कोणीतरी तो फोडू लागलं. आठवड्यात तीन ठिकाणी.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा फौजदार. विश्वस्त माझ्याकडे फिर्याद घेऊन आले. "शेजारच्या चाळीतल्या पोरांचं काम आहे, साहेब." पाठोपाठ चाळकरी आले. "आमच्या पोरांची नावं घेतलीत तर बघा!" दोघांनीही माझं डोकं खाल्लं. वस्तीत दुकानं लवकर बंद होऊ लागली. वरून विचारणा झाली, तेव्हा मी चाळीतल्या दोन तरुणांना निव्वळ संशयावरून कोठडीत टाकलं. दरडावून जबाब घेतले. "आम्ही तिथे कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही हो," एवढंच ते म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मशिदीसमोरचा पानवाला धावत आला. "साहेब, चला लवकर. फोडतोय. सगळ्यांसमोर!"

जाऊन पाहतो तर मशिदीत बांग देणारे म्हातारे चाचा हातात छिन्नी-हातोडा घेऊन उभे.

"चाचा, तुम्ही?"

"मीच. आधीचंही मीच. त्या पोरांना सोडा."

"स्वतःचीच मशीद फोडता?"

"वाचवतोय. हात लावून बघा."

मी बोट लावलं. दगडांच्या सांध्यातला चुना भिजून पिठासारखा झाला होता. वरच्या तुळईचं टोक कुजलं होतं. चाचांचे वडील रत्नागिरीकडचे, चुन्याचं काम करणारे गवंडी. "सिमेंटने ओल आत कोंडली, साहेब. एक दिवस छत नमाज्यांच्या डोक्यावर येईल. विश्वस्तांना सांगितलं, ते हसले."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

"दोनदा आलो. तासभर बाकावर बसलो. तुम्हीच म्हणालात, 'चाचा, नंतर या.'"

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

तरुणांना सोडलं, त्यांच्या आयांची बोलणी खाल्ली. विश्वस्तांना त्या सांध्यात बोट घालायला लावलं, तेव्हा कुठे त्यांनी तक्रार मागे घेतली. सिमेंट उतरवून पुन्हा चुन्याचं काम व्हायला दोन वर्षं लागली. त्या तरुणांपैकी एक सुतार होता. नवी तुळई त्यानेच बसवली. माझ्याशी मात्र तो कधी बोलला नाही.

मोठ्याने ओरडणाऱ्यांसमोर मी वही उघडून बसलो आणि ज्याला ठाऊक होतं त्याला परत पाठवलं. पुढे नोकरीभर ठाण्यात शिरताना आधी बाकावर कोण बसलंय ते मी विचारत असे. पण तेवढ्याने त्या सुताराचे कोठडीतले दोन दिवस परत आले नाहीत.