पाण्याचा डॉक्टर परदेशी निघतो

जर्मनीतल्या विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा लातूरच्या नळाला पाणी येऊन अकरा दिवस झाले होते. पत्र दोन पानी. नऊ महिने पाहुणा संशोधक म्हणून येणाऱ्या माणसानं काय काय तयारी करावी, ते त्यात लिहिलं होतं. जाड कोट आणावा, निघण्याआधी दात दाखवून घ्यावेत, आजारपणाचा विमा उतरवावा, सहा फोटो आणि जन्माचा दाखला सोबत ठेवावा. शेवटी एक ओळ होती की राहायच्या खोलीत गरम पाणी चोवीस तास असेल. पंचाक्षरी सरांनी ती ओळ बायकोला, उमाबाईंना, तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता बास करा. आधी टँकर आला का बघा."

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. जमिनीखालचं पाणी हा त्यांचा खास विषय. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि एवढ्या जिल्ह्यात पाण्यावर पीएच.डी. केलेला हा बहुधा एकच माणूस. त्याच्याच घरातले हंडे पालथे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं सर स्वतःच स्टाफरूममध्ये म्हणून घ्यायचे. दुसरा हसायच्या आत आपण आपल्याला हसून घेतलं की कमी लागतं, हे शास्त्र ते कुठल्याही पुस्तकात शिकले नव्हते.

कोटाची सोय नायगावच्या साडूंनी केली. ते फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा ओव्हरकोट एसटीनं आला आणि सरांना धीर धरवेना. मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत त्यांनी तो अंगात चढवला. बटण लागेना. "पोट आत घ्या," उमाबाई म्हणाल्या. सरांनी पोट आत घेतलं, बटण लागलं, मग ते निघेना. दहा मिनिटं नवराबायको त्या बटणाशी झटत होते. कोट निघाला तेव्हा सर नखशिखान्त भिजले होते. उमाबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या पाण्यात माझी भांडी निघाली असती."

दात झाले, विमा झाला, फोटो झाले. फोटोत सर हरवलेल्या माणसासारखे दिसत होते, तेही चालून गेलं. अडलं ते जन्माच्या दाखल्यावर. सर जन्मले त्या वर्षी पोळा झाला आणि पंधरा दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर त्यांचं गाव तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत नांदून आलं होतं, तेही जागचं न हलता. हलली ती दप्तरं. उस्मानाबादेहून ती पोत्यांत भरून नव्या जिल्ह्याला आली होती. कचेरीतल्या कारकुनानं त्या थप्पीकडे नुसतं बोट केलं. "पोतं सापडलं तरी कागद उंदरानं ठेवला आसंल का, साहेब? गावातल्या पाच वडीलधाऱ्यांच्या सह्या आना. पंचनाम्यावर दाखला देतो."

जर्मनीला जायला सर घाबरत नव्हते. ते घाबरत होते हिप्पळवाडीला, म्हणजे स्वतःच्या गावाला, जायला.

कारण असं. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळ लागला तेव्हा, रोजगार हमीवर गावासाठी विहीर मंजूर झाली. आपलाच पोरगा पाण्यात डॉक्टर झालाय, तोच जागा दाखवील, असं गावानं ठरवलं. सर कॉलेजचं यंत्र घेऊन गेले, दिवसभर जमिनीत वीज सोडून मापं घेतली आणि देवळामागच्या पडीत खुंटी ठोकली. गावानं उन्हातान्हात साठ फूट खोदलं. काळा दगड निघाला, धूळ निघाली, एकदा विंचू निघाला. पाणी निघालं नाही. मग सरच गावातून निघाले, ते फिरकलेच नाहीत. आई, गुरम्मा, एकटी तिथंच राहत होती. लातूरला ये, म्हणून ते तिला दर महिन्याला पत्र टाकत. स्वतः जायचं टाळायला पत्रासारखं दुसरं साधन नाही.

पण पाच सह्या पत्रानं मिळत नाहीत. एका सोमवारी सर गावात उतरले. बसवेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर जुने पाटील गुरुबसप्पा आणि आणखी चौघं बसले होते. त्यांतला एक ग्यानोबा, हातावर नारळ ठेवून पाणी सांगणारा पाणाड्या.

"शरणार्थ, काका," सर म्हणाले.

"शरणार्थ. गावला का रस्ता?" गुरुबसप्पांनी जागा करून दिली. "आन कागद."

पंचनाम्याचा मजकूर सरांनीच लिहिला होता, आणि वजन यावं म्हणून जरा सढळ हातानं लिहिला होता. गुरुबसप्पांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचायला घेतला. "आम्ही खाली सही करणार सदर इसमास जन्मापासून ओळखतो. सदर इसम सत्यवचनी असून..." तिथं ते थांबले. सरांना वाटलं, हा शब्द आपण कुठल्या मस्तीत घातला?

"पंचाक्षरी," गुरुबसप्पा म्हणाले, "एक इचारू? ती हीर कोरडी कामून गेली?"

या प्रश्नाची उत्तरं सरांकडे तयार होती. दगडातल्या भेगा, थरांचा कल, पावसाचं मान. दोन वर्षं ती ते स्वतःलाच देत आले होते. तेवढ्यात आई समोरून आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. ओढ्यातल्या झिऱ्यावरून ती परतत होती आणि पोराला बघून उभी राहिली. तिची मान किती बारीक झाली होती! सरांना स्वतःची अशी लाज वाटली की एकही तयार उत्तर तोंडाबाहेर येईना.

"काका, यंत्रानं ती जागा दाखवलीच नव्हती," ते म्हणाले. "आमचं खळं दाखवलं होतं, गोठ्यामागचं. म्हटलं, सरकारी विहीर यानं आईच्या खळ्यात नेली, असं गाव म्हणेल. ग्यानोबाचा नारळ देवळामागं उभा राहिला होता, तिथं कुणी वाद घालणार नव्हतं. म्हणून तिथं खुंटी मारली."

ग्यानोबा नाही म्हणता म्हणता हसला. "म्हंजी माज्या नारळावर भरवसा ठिवनारा ह्यो येकच डॉक्टर!"

गुरुबसप्पा हसले नाहीत. "आमी म्हनलोच आसतो, पोरा. चार दिस लई म्हनलो आसतो. मंग पानी प्यालो आसतो."

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सावकाश सही केली. मग बाकीच्यांनी केल्या. ग्यानोबानं अंगठा दिला. सरांना हव्या होत्या त्या पाच निशाण्या मिळाल्या, पण कागद हातात घेववेना.

गुरम्मानं घागरी ओट्यावर टेकवल्या. खळं हा शब्द ऐकल्यापासून ती सरांकडंच बघत होती.

"किती खोल हाय?"

"चाळीस फूट, अव्वा. बहुतेक."

"बहुतेक नगं. हाय का न्हाई, तेवडं सांग."

सर आयुष्यभर या प्रश्नावर व्याख्यान देत आले होते. "ठाऊक नाही, अव्वा," ते म्हणाले. "यंत्रबी चुकतं. खोदल्याबिगर कळायचं न्हाई."

"हे तवाच म्हनला आसतास, तर झिऱ्याला न जाता मी गावात मान वर करून पानी मागितलं आसतं," गुरम्मा म्हणाली आणि दोन्ही घागरी पुन्हा उचलून चालू लागली.