गल्ली काय म्हणते

मानिक चौकातून मागे वळलं की गल्ली अशी आक्रसत जाते, की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांबवून कुणी कुणाला मीठ द्यावं. त्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, प्रेमलाबाई राहतात. झाशीतल्या मराठी घरांचा काळा मसाला त्या करतात. ही घरं पेशव्यांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. मुलांशी मराठीत बोलावं तर उत्तर हिंदीत येतं. पण आमटीला मसाला मात्र प्रेमलाबाईंचाच लागतो.

त्यांच्या लोखंडी कढईत दगडफूल आणि मिरची पडली की गल्लीला निरोप द्यावा लागत नाही. खाली पंखे दुरुस्त करणारा रमाकांत शिंकून शिंकून म्हणतो, "चाची, ग्राहक भाग जाएगा." कोपऱ्यावरची शिवणवाली बाई धाडकन खिडकी लावते. आणि समोरच्या घरातून श्यामसुंदर, रेल्वेतून निवृत्त झालेला गडी, नाक जळतं म्हणून ठरल्यासारखा बुंदेलीत ओरडतो, "काए भौजी, आज फिर नाक जराउनें?"

ही बोलणी प्रेमलाबाईंना देवाच्या आरतीसारखी वाटतात. का, ते सांगायला मागे जावं लागेल.

महामारीची दुसरी लाट आली त्या साली वैशाखात त्यांनी असाच मसाला भाजायला घेतला होता. धूर छताला लागला होता. त्यांचे यजमान विद्याधरराव दोन हातांवर पाटावर बसून सुपारी कातरत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "अगं, मसाला कधी भाजणार? ऊन चढतंय."

प्रेमलाबाईंना ती थट्टाच वाटली. त्या हसल्या. वर त्यांना असंही वाटलं, की आज गल्लीत कुणी कटकट केली नाही, शांतपणे काम झालं. शिंक नाही, खिडकीचा आवाज नाही, श्यामसुंदर नाही. सारी गल्ली चढत्या उन्हात गप्प पडली होती, आणि त्यांना ते बरं वाटलं होतं.

वास जाणं हीच त्या रोगाची खूण, हे त्यांना मागाहून कळलं. पुढचं सांगायला नको. त्या गप्पपणात कोण कोण होतं ते नंतर एकेका दारातून बाहेर पडलं. विद्याधरराव गेले ते तपासणीशिवायच गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जिल्ह्याचा आकडा आला, त्यात ते नव्हतेच.

तेव्हापासून प्रेमलाबाईंचा आकड्यांवरचा विश्वास उडाला. वाचत मात्र राहिल्या. आकडा घटला की पेपर घडी घालून ठेवायच्या, वाढला की पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. पण खरी खात्री करायची ती कढईनं. मागणी असो वा नसो, बातम्यांत जरा कुठे खुट्ट झालं की मूठभर मसाला भाजायचा आणि खिडकीत उभं राहायचं. रमाकांत शिंकला, बरं. खिडकी आपटली, बरं. श्यामसुंदर ओरडला की मग कढई उतरायची. धुरापलीकडून कधी कधी तोच पाटावरचा आवाज यायचा, ऊन चढतंय म्हणणारा. त्या मागे वळून बघत नसत.

यंदा ज्येष्ठात पुन्हा बातम्या सुरू झाल्या. नवा प्रकार आहे, सौम्य आहे, घाबरू नका. इलाइट चौराह्यावर चार माणसांनी तोंडाला रुमाल बांधलेले दिसले, आठ माणसं त्यांना हसताना दिसली.

आणि नेमकी यंदाच त्यांची माधुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ग्वाल्हेरहून, आठवा लागला की. उशिरानं राहिलेलं मूल, त्याआधी दोनदा हातचं गेलेलं. जावई पियूष गाडी घेऊन सोडायला तयार होता, पण माधुरी म्हणाली, "आई, तू गल्लीचं बघ आणि दुपारी सांग. गल्ली काय म्हणते त्यावर येईन."

माधुरी शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिलाही एवढ्या वर्षांत या कढईचाच भरवसा वाटू लागला होता.

प्रेमलाबाईंनी सकाळचं सारं आवरलं. कढई काढली तर तळाला गंज धरलेला. चूल न पेटवता, जमिनीवरच बसून, त्या उलथण्यानं गंज खरवडायला लागल्या. खर्र, खर्र. मसाल्याचे डबे अजून फडताळातच होते.

समोरून आवाज आला, "काए भौजी, आज फिर? नाक जर गई हमाई."

प्रेमलाबाईंचा हात थांबला. त्यांनी कढईकडे पाहिलं. कढई थंडगार होती. त्यांनी तळवा लावून पाहिलं, जणू आपल्यालाच काही कळलं नसावं म्हणून. मग उलथणं हातात तसंच घेऊन जिना उतरल्या आणि समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

श्यामसुंदर पंख्याखाली बनियनवर बसला होता. त्यांच्या हातातलं उलथणं पाहून म्हणाला, "मारनें है का?"

"श्याम भैया, चूल्हा जलाया ही नहीं मैंने."

त्यानं गमछ्यानं मान पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.

"उसी साल गई, भौजी. लौटी नईं. न हींग की, न गुलाब की."

"तो इतने बरस?"

"उलथने की आवाज सुनत ते. कभऊँ चूक नईं भई."

"आज हुई."

"आज भई," तो म्हणाला. मग खाली बघत, "एक बेर हम नईं बोले ते. तुम संझा लौं ऐई देहरी पे बैठी रईं. पानी तक नईं पिओ. तो हमने सोची, बोलबे में का लगत."

तो ओरडला नाही म्हणून त्याच्या उंबऱ्यावर पाण्याविना बसून काढलेली ती संध्याकाळ प्रेमलाबाईंना आठवली. ती पहिल्या वर्षातली. त्यानंतर हा माणूस एकदाही चुकला नव्हता, आणि त्या दर वेळी निश्चिंत होऊन जेवल्या होत्या. त्याला शिव्या घालाव्यात की नमस्कार करावा, हे त्यांना ठरवता येईना.

"मेरी बेटी का बच्चा है बीच में," एवढंच त्या म्हणाल्या. "अब मत बोलना, भैया. कुछ भी हो, मत बोलना."

त्यानं मान हलवली.

दुपारी फोन वाजला. "आई, काय म्हणते गल्ली?"

एक शब्द पुरेसा होता. 'ओरडले सगळे', की लेक सामान बांधायला लागली असती, नातवंड या घरात पहिलं रडलं असतं. श्यामसुंदरनं हेच तर केलं होतं, आणि किती मायेनं केलं होतं. 

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.



"म्हणजे समोरच्या काकांचं नाकच नाही?"

"नाक आहे. वास नाही."

माधुरीला हसू आलं आणि हसता हसता आवाज ओला झाला. "आणि तुझं?"

"मी रोज हिंगाचा डबा उघडून बघते. पण मी एकटीच. बाकीच्यांचं आता काय खरं धरू? रमाकांतही मनातून शिंकत असेल तर?"

"मग तूच इकडे ये."

"वेडी का तू? लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण करायचं? आम्ही तिथलं पाणीसुद्धा..."

"पाणी घरून आण. ये."

विद्याधरराव गेल्यापासून प्रेमलाबाई एक रात्रही गल्लीबाहेर झोपल्या नव्हत्या. आपण इथून उठलो तर इथलं कुणी ऐकणार नाही, आणि न ऐकल्यामुळेच एकदा सारं गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पाटाच्या जागेकडे बघत त्यांनी हुंकार दिला. तो लेकीला होता, की आणखी कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"येते," त्या म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यात त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली, काही निघालं नाही. दोन लुगडी, सुंठ, डिंक पिशवीत भरलं. निघायच्या सकाळी दार ओढून घेतलं आणि कुलूप अडकवणार, तोच खालच्या अंगाला कुणी तरी खोकलं.

धुळीचा खोकला असेल. विडीचा असेल. प्रेमलाबाई किल्ली धरून तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या दारात श्यामसुंदर होता. तोंडाला गमछा बांधलेला, दिल्या शब्दाप्रमाणे मुका. त्यालाही तो ऐकू आला होता, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं.

दुसरा खोकला आला नाही. तो यायचा होता की नव्हता, हे कळायला किती वेळ थांबावं, ते कुणी सांगितलेलं नाही. प्रेमलाबाईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पदर तोंडावर धरून जिना उतरल्या.