गुरुजींच्या नावानं गेलेलं उत्तर

इंदिरानगरातल्या आमच्या ऑफिसातले साहेब पुण्याचे. माणसानं माणसाशी सरळ बोलणं त्यांना मागासलेपणाचं वाटे. बसवनगुडीतल्या एका वयस्क गुरुजींच्या गळ्यात त्यांनी वेबसाइट मारली. तिथल्या जुन्या मराठी घरांची भिक्षुकी गुरुजींकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. लोक दारात येऊन सांगून जात आणि काम होई. साहेबांना ते बघवलं नाही.

वेबसाइटवर निरोपाचा फॉर्म मी बसवला, उत्तराचा मजकूर साहेबांनी लिहिला. कुणी काहीही लिहो, लगेच गुरुजींच्या नावानं ईमेल जाई, 'नमस्कार, तुमच्या मंगलकार्याला मी नक्की येतोय. निश्चिंत राहा.' मी म्हटलं, गुरुजींनी निरोप वाचायच्या आधीच येतो म्हणून कसं कळवायचं? आणि सगळीच कार्यं मंगल नसतात.

"अरे, टोन वॉर्म पाहिजे. इतकं निगेटिव्ह नको रे," साहेब म्हणाले.

शिवाय निरोप गुरुजींकडे जायचेच नाहीत. ते आधी साहेबांकडे येणार, साहेब सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांचा आलेख दाखवून मिरवणार आणि मग गुरुजींना धाडणार. असल्या अकलेला कोपरापासून नमस्कार.

एका सोमवारी सकाळीच गुरुजींचा फोन आला, "स्वल्प घरी येऊन जा." त्यांच्या मराठीत 'जरा'ऐवजी कानडी 'स्वल्प'च येई. गेलो. ओट्यावर मागच्या गल्लीतल्या अक्का बसल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं. सांगायला त्या स्वतःच निघाल्या होत्या, पण परदेशातून आलेल्या मुलानं थांबवलं आणि शनिवारी फॉर्म भरला. लगेच उत्तर आलं. रविवारी गुरुजी परगावी एका लग्नात होते. इकडे पानं मांडून सगळे दुपार टळेपर्यंत खोळंबले. शेवटी मुलानं मंत्रांवाचून नुसतं पाणी सोडलं.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "पण ईमेल वेळेत गेली ना? मग सिस्टम ओके आहे," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून दिला.

गुरुजींशी बोलताना अक्कांचा आवाज चढलासुद्धा नाही. "देवळातले भटजी यायला तयार होते, अण्णा. तुम्ही येतो म्हणालात, म्हणून त्यांना नको म्हटलं."

गुरुजी उठले आणि जे कधी बोललेच नव्हते त्याबद्दल त्यांनी अक्कांची हात जोडून माफी मागितली.