हात न लागलेली घुंगरमाळ

लोहारा गावच्या बब्रुवानला कष्टाचा कंटाळा फार उशिरा आला. इतरांना तो मिसरूड फुटतानाच येतो. याने केस पांढरे होईपर्यंत वाट पाहिली. तोवर चामडं कापायची रापी दगडावर घासायची, मांडीवर फळी घेऊन पट्टा आवळून धरायचा आणि आरीने एकेक भोक पाडायचं, यातच त्याचं आयुष्य चाललं होतं. जाड चामड्यात आरी घुसवायला अख्खा खांदा लावावा लागतो. एवढं करणाऱ्याने खरं तर आधीच कंटाळायला हवं होतं. पण बब्रुवान मुळातच सावकाश माणूस.

कंटाळ्याला निमित्त झाला भाचा. कृष्णराजने तहसील कचेरीजवळ दुकान टाकलं होतं. नावाच्या पाट्या, शाळांना लागणारी स्मृतिचिन्हं, असलं काय काय तो लेझर मशिनवर कापून द्यायचा. एक दिवस त्याने मामाकडचा चामड्याचा तुकडा मशिनखाली ठेवला आणि कॉम्प्युटरवर बोटं चालवली. थोडा धूर निघाला आणि तुकड्यावर मोरपीस उमटलं. कडा सुतासारख्या सरळ. भोकं ओळीत, सगळी एका मापाची.

"मामा, एवढ्याला तुमाला दुपार लागली असती."

"दुपार न्हाय, दिवस," बब्रुवान म्हणाला. पुढचा महिनाभर तो इतकं खरं पुन्हा बोलला नाही.

त्या दिवसापासून त्याने कापायचं आणि भोकं पाडायचं काम मशिनवर टाकलं. वेळ वाचू लागला. वाचलेला वेळ तो बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून, वेळ कसा वाचतो हे लोकांना सांगण्यात घालवू लागला. सांगायला बराच वेळ लागायचा.

शिवायचं काम मात्र घरात बायकोकडे होतं, ते तसंच राहिलं. मशिनला शिवता येत नव्हतं, आणि द्वारकाबाईला नाही म्हणता येत नव्हतं. पूर्वी तिच्याकडे दिवसाला एक पट्टा यायचा. आता गठ्ठा यायला लागला. जळक्या कडांची काजळी पुसायचं कामही तिच्याच वाट्याला आलं.

"तुमचे कष्ट वाचले म्हणं," ती काळी बोटं दाखवत म्हणाली. "ते माझ्याकडंच आलेत. ऱ्हाऊ द्या, सांभाळते."

"अगं, सुधारणा हाय ही."

"व्हय. सुधारणेचा वास मात्र लई घाण येतो."

वास खरंच येत होता. कातडं जळल्यावर येतो तोच.

श्रावण संपत आला तसं बेंबळीजवळच्या वाडीचं काम पुढं आलं. त्या वाडीत पोळ्याला पहिला मान अमरसिंह पाटलाच्या बैलाचा. त्याच्या गळ्यात दर वर्षी नवी घुंगरमाळ पडते. दुपदरी चामडी पट्टा, त्यावर पितळी घुंगरं शिवलेली. रीत अशी की ज्याच्या हातची माळ, त्याने ती स्वतः बैलाला बांधायची आणि वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत मानाच्या बैलापुढं चालायचं. बब्रुवानचा आजा वेशीच्या बाहेर बसून जोडे शिवायचा. त्याला देवळाचं दार कसं असतं ते माहीत नव्हतं. बापाने भांडून भांडून ही माळ मिळवली, आणि माळेमागून वाट मिळाली. वर्षात एकदा, तीही देवळापर्यंतच. पण गाव मागं आणि आपण पुढं. बब्रुवानने आयुष्यात दुसरं काही कमावलं असेल तर ते कुणाला दिसलेलं नाही.

या वर्षीची माळ त्याने अर्थातच मशिनवर कापायला घेतली.

"भोकं किती अंतरावर पाडू?" कृष्णराजने विचारलं.

"जवळ जवळ घे. मुंगीच्या पावलागत."

"मामा, चामडं कडेला करपतंय. लई जवळ घेतली तर—"

"तू मला चामडं शिकवू नको. नाजूक दिसाया पायजे. आरीनं कुणाच्या बापाला जमलं न्हाय असं."

आरीने ते जमत नव्हतं, हे खरं होतं. का जमत नव्हतं, याचा विचार करायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आरी मारताना दोन भोकांमध्ये बोटभर चामडं आपोआप सुटतं, कारण त्याहून जवळ आरी मारायला हातच तयार होत नाही. मशिनला हात नव्हता. तिने सांगितलं तसं केलं.

द्वारकाबाईने शिवताना सुई थांबवली.

"सुई आपोआप जातीया."

"मग चांगलंच की."

"चामड्यातून सुई आपोआप जाऊ न्हाय. ह्याच्यात जोर न्हाय ऱ्हायला."

"तुला सुखच सोसंना," बब्रुवान म्हणाला आणि सुखाची चर्चा करायला हॉटेलात गेला.

पोळ्याच्या दिवशी तो भाच्याला घेऊन वाडीत पोचला. जळका वास जाईना म्हणून त्याने माळेला मोगऱ्याचं अत्तर चोळलं होतं. आता करपलेल्या कातड्याचा आणि मोगऱ्याचा असा मिळून वास येत होता. वेशीजवळ शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल उभे होते. बब्रुवानने माळ उंच धरली. नक्षीचे मोर बघून पोरी जवळ आल्या. कुणीतरी म्हणालं, हात हाय का काय हा.

"हात लावलाच न्हाय," बब्रुवान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सगळं लेझरवर. माणसाचा हात न लागलेली माळ हाय ही."

द्वारकाबाई घरी होती. तिच्या बोटांची काजळी अजून गेली नव्हती.

"तात्या," अमरसिंह बब्रुवानकडं बघून मिशीत हसला, "मग मानाला मशिनच आणायची न्हाय का जीपमधी घालून?"

लोक हसले. बब्रुवानही हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

त्याने माळ बैलाच्या गळ्यात घातली. बैल देखणा, शांत. आदल्या दिवशी खांद्याला हळद-तूप लावून घेताना डोळे मिटून उभा राहिलेला. पण माळ नाकाजवळून गेली तशा त्याच्या नाकपुड्या फुलल्या. आपल्याच जातीचं कातडं जळल्याचा वास बैलाला आवडत नाही. त्यावर मोगरा लावला म्हणून तर मुळीच नाही. त्याने मान झटकली. मग आणखी जोरात झटकली.

माळ तुटली. मधेच कुठं तुटली असं नाही. भोकांच्या ओळीवरून टराटरा फाटत गेली, जसं पोस्टाचं तिकीट फाटतं. घुंगरं चिखलात सांडली. नक्षीचे मोर मात्र शाबूत राहिले. त्यांच्यावर कसलाच भार नव्हता.

वाजंत्री थांबली. बैलाला आवरून अमरसिंह वळला. त्याच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"तात्या, एक सांगा. ही माळ कुणाची? तुमची का मशिनची?"

बब्रुवानला प्रश्न कळायला वेळ लागला. मशिनची म्हणावं, तर चूक मशिनची आणि शरम भाच्याची. पण मग माळ आपली नव्हतीच, आणि जिची माळ तिने पुढं चालायचं. वाडीत दोघे-तिघे तरी असे होते की ज्यांना ही रीत बंद पडलेली हवीच होती. त्यातला एक म्हणालाच, "आत्ताच म्हणत होते की, हात लावला न्हाय म्हणून."

आपली म्हणावं, तर अख्ख्या वेशीसमोर फाटलेली माळ आपल्या नावावर. बापाने आणि आपण केलेल्या सगळ्या माळांच्या शेवटी ही.

कृष्णराज मोबाइल खिशात घालून मान खाली घालून उभा होता. तो बोलू शकला असता, की मी सांगितलं होतं.

"माळ माझी," बब्रुवान म्हणाला.

"मोठ्यानं सांगा."

"माझी. मशिननं सांगितलं तेवढंच केलं. भोकं जवळ घ्या म्हणणारा मीच. पोरगं नको म्हणत होतं."

अमरसिंहने गावाकडं पाहिलं. माळ फाटली म्हणून मान काढून घ्यावा असं रीतीत कुठं नव्हतं, कारण माळ फाटेल असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं.

"मग चला पुढं," तो म्हणाला.

बैल मोकळ्या गळ्याने निघाला आणि त्याच्यापुढं बब्रुवान. घुंगरांचा आवाज नसल्यामुळे मागचं सगळं नीट ऐकू येत होतं. एक म्हातारी म्हणाली, यंदा बैल मुका का गं. दुसरीने तिला कारण सांगितलं, बारकाव्यासकट. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर कुणीतरी कुणाला तरी कारण सांगत होतं. दर वर्षी तो या वाटेवर ऐटीत, रेंगाळत चालायचा, लवकर संपू नये म्हणून. या वर्षी त्याला देऊळ लवकर यावंसं वाटत होतं. पण बैल शांत झाला होता आणि सणाच्या चालीने चालत होता. मानाच्या बैलाच्या पुढं पळता येत नाही.

संध्याकाळी घरी आला तेव्हा द्वारकाबाईला बातमी कळलेली होती. फोनला कष्ट पडत नाहीत.

"गेला का मान?" तिने विचारलं.

"न्हाय. ऱ्हायला."

"मग तोंड असं कामून?"

"ऱ्हायला म्हणूनच," बब्रुवान म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेला.