चिमूटभर पुरावा

माझ्या मोठ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट केवळ कुणी सांगितली म्हणून खरी मानलेली नाही. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर, समोर उभी असलेली मुलगी आपल्याला दाखवलेलीच आहे ना, हे त्यांनी हार घालण्याआधी नीट निरखून घेतलं होतं, असं माझी बायको सांगते. पण नवरीची ही धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती, त्यामुळे तिची साक्ष साडूंना मान्य नाही. खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले. बिबवेवाडीतल्या घरी तपासायला उरलं काय, तर बायको, शेजारी आणि म्हणी. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असते आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली असते. त्या वहीत आमच्या दोन्ही घरांचं अज्ञान तारीखवार नोंदलेलं आहे.

पाठ फिरवली की दूध उतू जातं, हे ताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मत. साडूंनी तीन दिवस दुधाकडे पाठ करून आणि तीन दिवस टक लावून ते तपासलं. दूध सहाही दिवस उतू गेलं, कारण टक लावायच्या दिवशीही ऐन वेळी ते वहीत वेळ लिहीत होते. सातव्या दिवशी ताईंनी पातेलं ताब्यात घेतलं. बस सोडून रिक्षा बघायला गेलं की लगेच बस येते, या समजुतीसाठी त्यांनी महिनाभर रोज सकाळी घराजवळच्या बसस्टॉपवरून रिक्षापर्यंत फेऱ्या मारल्या. शेवटी एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, बसायचं नाय तर रोज भाडं कशाला विचारता?" तेही त्यांनी उतरवून घेतलं. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतं, हे पडताळायला तर ते उचकी थांबायच्या आत नातेवाइकांना फोन करायला बसतात. मलाही आला होता. दहा वाजून पाच मिनिटांनी माझी आठवण काढलीत का, असा सरळ प्रश्न. मी म्हटलं, तेव्हा नव्हती काढली, पण आता काढली. ते कोरडेपणाने म्हणाले, "आताची धरता येत नाही."

या धरण्या-न धरण्यावरूनच आमचे खटके उडत. ताईंच्या हाताला चव आहे, असं सगळं गणगोत म्हणतं. साडूंनी ती चव शोधायला घेतली. डाळ, चिंच, गूळ, फोडणी सगळं वजन करून एक आमटी ताईंनी केली आणि तीच मापं घेऊन दुसरी त्यांनी स्वतः केली. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. मी पहिल्या घोटाला ताईंची वाटी ओळखली, तर माझं मत बाद. "तुम्ही तिच्या हातचं वर्षानुवर्षं आयतं खाताय. चव बघणारा तटस्थ पाहिजे," म्हणाले. मग सोसायटीचा वॉचमन आणि पार्सल घेऊन आलेला एक अनोळखी माणूस यांच्याही डोळ्यांवर पंचा चढला. दोघांनीही ताईंचीच वाटी उचलली. साडूंनी बारीक काट्यावर ताईंची मिठाची चिमूट अकरा वेळा तोलली. अकरा वेळा वजन निराळं भरलं आणि आमटी मात्र तीच. "चिमूट हे माप नाही, तो स्वभाव आहे," असं वैतागून त्यांनी लिहून ठेवलं. ताईंनी ते वाचलं आणि आठवडाभर येईल त्याला वही दाखवली.

मागच्या थंडीत ताईंना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणतात. ताईंनी चारचौघांत ते सांगितलं नाही. माझ्या बायकोला तेवढं एकदा म्हणाल्या, "हातची चवच गेली, तर या घरात माझं म्हणून राहिलं काय गं?" ऐकून मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. ताई पळी हातात धरून उभ्या होत्या आणि फक्त साडूंच्या तोंडाकडे बघत होत्या. "अहो, मीठ बरोबर आहे ना?"

माझा घास तोंडातच राहिला. ज्या माणसाने उचकीलासुद्धा कधी सवलत दिली नाही, त्याला हा प्रश्न. साडूंनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि अगदी सावकाश घोट घेतला.

"बरोबर आहे. वाढ अजून."

ताईंनी वाढली. ती दुसरी वाटीही त्यांनी निपटली. मीही बरोबर आहे म्हणालो. माझं मत त्या घरात कुणी उलटतपासणीशिवाय घेतल्याची ही पहिलीच वेळ. ताई गुणगुणत ताक आणायला आत गेल्या.

जेवण झाल्यावर साडू गॅलरीत उभ्या उभ्या तिसरा पेला पाणी पीत होते. मला राहवलं नाही. मी खिळ्यावरची वही काढून त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, आजच्या मिठाचं काय लिहायचं. त्यांनी पेन्सिल घेतली, तारीख घातली, पुढे 'मीठ' एवढंच लिहिलं आणि थांबले. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"आजचं धरायचं नाही," ते म्हणाले. "चव बघणारा तटस्थ नव्हता."