कमरेएवढ्या पाण्यात

बाबांना हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा ते धानाच्या बांधीत उभे होते. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचं घर करडीला, मासे धरणाऱ्या ढिवरांचं. थोडी शेती, बाकी सगळं तलावावर. मी मोहाडीला कचेरीत कारकून होते आणि तिथेच खोली करून राहायचे. निरोप आला तेव्हा हातातली कामं शेजारच्या बाईंकडे दिली, कोणतं आजच व्हायला हवं आणि कोणतं उद्या चालेल ते सांगितलं आणि निघाले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी पाठवताना त्यांना पडून राहायला सांगितलं होतं. मी व्यवस्था लावली. बाज ओसरीवर घेतली, कारण तिथे हवा होती. मीठ बंद केलं होतं, म्हणून सुकी मासळी घरातून काढून शेजारी दिली. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून सकाळच्या गोळ्यांच्या बाटलीला लाल दोरा बांधला आणि रात्रीच्या बाटलीला काळा. मग मोहाडीला परत गेले.

बाबा हिवाळाभर पडून राहिले आणि उन्हाळाही तसाच गेला. शनिवारी मी यायची तेव्हा ते बाजेवर ज्या कुशीवर असायचे, सोमवारी निघतानाही बहुतेक त्याच कुशीवर. पोटऱ्या वाळल्या. अंगणापर्यंत गेले तरी धाप लागायची आणि ते जिथे असतील तिथे खाली बसायचे. बोलणं आधीच कमी होतं, ते बंद झालं.

पाऊस संपल्यावर मी त्यांना मोहाडीला एका नव्या डॉक्टरकडे नेलं. तरुण होता. त्याने बराच वेळ छाती तपासली आणि म्हणाला, आता पडून राहणं पुरे, रोज चालायला हवं. बाबांनी गुडघे दाखवले. ते दोन्ही गेलेले होते. रस्त्यावर चार पावलं टाकली की ते लटपटायचे. डॉक्टरने विचारलं, आधी काय करत होता? बाबा म्हणाले, "पाण्यात रायत होतो."

डॉक्टर म्हणाला, तर पाण्यातच चाला. पाण्यात अंगाचं वजन लागत नाही, गुडघ्यांना त्रास होत नाही आणि हृदयाला हवी ती मेहनत मिळते. पण पाणी कमरेएवढंच. छातीपर्यंत गेलं की दाब येतो आणि हृदयावर जोर पडतो. ऊन चढल्याशिवाय उतरायचं नाही, जेवण झाल्यावर नाही, एकट्याने तर नाहीच. आणि चालताना बोलत राहायचं. एक वाक्य एका दमात पुरं झालं तर ठीक. मध्येच तुटलं तर बाहेर यायचं.

मी हे सगळं मायला दोनदा म्हणून दाखवलं आणि तिच्याकडून म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर बाबा तलावाच्या काठाकाठाने पाण्यात चालू लागले आणि माय पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, त्यांच्या बरोबरीने. तिच्या हातात पंचा असायचा. तिचं काम बोलायला लावण्याचं. पहिले काही दिवस तिला काय विचारावं तेच सुचत नव्हतं. संसार झाला होता तो मीठ संपलं, जाळं फाटलं, रोवणी कधी, एवढ्यावरच. मग ती विचारू लागली. आपल्या लग्नात तुमच्या मामानं काहून तोंड फुगवलं होतं? ती तांबडी गाय कोणाला दिली? बाबा कमरेएवढ्या पाण्यात पाय ओढत उत्तरं द्यायचे.

लोकांना गंमत वाटली. म्हशी घेऊन येणारा एक जण रोज टोकायचा. एकदा मी होते तेव्हा म्हणाला, "काकाजी, म्हशी बाहेर उभ्या हायेत अन् तुमीच डुंबून राहिले?"

बाबा चालता चालता म्हणाले, "म्हशीले डॉक्टरनं नाई सांगतलं. मले सांगतलं."

माय पाळीवरून म्हणाली, "पुरं झालं वाक्य. चाला पुढं."

दिवाळीच्या पुढे बाबा अंगणातून तलावापर्यंत न बसता जाऊ लागले. संक्रांतीला त्यांनी कुंपणाच्या काड्या स्वतः बांधल्या. डॉक्टरने छाती ऐकली आणि चालू ठेवा म्हणाला. पोटऱ्यांना पुन्हा आकार आला होता. मी गोळ्या आणून द्यायची, बाटल्यांचे दोरे बदलायची. एवढंच माझं काम उरलं होतं.

असे दोन हिवाळे गेले.

आमच्या तलावावर वर्षातून एकदा सगळे मिळून मासे धरतात. पाणी आटत आलं की अरुंद बाजूला आडवं जाळं बांधतात आणि पुरुष समोरच्या टोकापासून एका ओळीत छातीएवढ्या पाण्यातून चालत येतात. जाळं दोन्हीकडून घट्ट होईपर्यंत ओळीत कोणी तोंड उघडायचं नाही आणि काठावरही नाही. मग एकदम आरडाओरडा, पाणी बडवणं, आणि मासे जाळ्यात. ओळ निघाली तेव्हा जो पाण्यात असेल त्याला ओळीत जागा मिळते आणि हिस्साही. मधून कोणी बाहेर पडत नाही, कारण तेवढ्या फटीतून सगळा मासा मागे फिरतो.

त्या वर्षी ओळ दुपारी निघायची होती. वारा पडला म्हणून ती सकाळीच निघाली. मी नव्हते. मी दुपारच्या मोटारीने येणार होते. जे झालं ते मायने मला सांगितलं, एकदाच, आणि सलग.

बाबा रोजच्यासारखे काठाने चालत होते. माय पाळीवर होती. तिने विचारलं, पोरगी येऊन राहिली, तिच्यासाठी कोणता मासा ठेवू? तेवढ्यात वळणावरून ओळ आली. ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने बाबांना पाहिलं आणि हाताने ओळ थांबवली. दोन माणसं सरकली. मध्ये जागा झाली.

कित्येक वर्षं बाबा त्या ओळीचे म्होरके म्हणून चालले होते. ते जागेवर जाऊन उभे राहिले.

पाणी कमरेवरून वर गेलं, छातीपर्यंत आलं. माय पाळीवरून बरोबरीने चालत होती. बोलायचं नव्हतं, म्हणून ती बोलली नाही. विचारायचं नव्हतं, म्हणून तिने विचारलं नाही. बाबांचा श्वास तिला दिसत नव्हता, फक्त डोकं दिसत होतं. ते ओळीत सरळ पुढे जात होतं.

जाळं घट्ट झालं, आरडाओरडा झाला. बाबा पाण्यातून चालत बाहेर आले, कोणी धरून आणलं नाही. पाळीवर बसले. मायने पंचा दिला आणि पुन्हा विचारलं, कोणता ठेवू? त्यांनी हात वर केला, थांब म्हणतात तसा. मग तो हात खाली आला.

मी मोटारीतून उतरले तेव्हा घरासमोर माणसं होती. मला समजलं. पिशवी आत ठेवली. आत्याकडे माणूस पाठवला, लाकडाचं विचारलं, बाबांचं धोतर कोणत्या पेटीत आहे ते मायला विचारलं. तिने बोटाने दाखवलं. रडणाऱ्या बायकांना पाणी दिलं. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही. हातात कामं होती आणि ती एकामागून एक होत गेली.

संध्याकाळी टोपली आली. बाबांचा हिस्सा द्यायचा की नाही यावर पाळीवर बोलणं झालं होतं म्हणे. सगळ्यांत म्हातारा म्हणाला, तो शेवटपर्यंत ओळीत होता. पूर्ण हिस्सा जाईल.

टोपली दारात होती आणि घरात चूल पेटवायची नव्हती. मासा थांबत नाही. मी अंगणात पळसाची पानं मांडली. मरळ वेगळी, रोहू वेगळे, झिंगे वेगळे. कोणत्या घरी किती माणसं ते मला माहीत होतं, त्याप्रमाणे वाटे केले आणि पोचवले. मग टोपली धुऊन उलटी ठेवली. माय बाजेजवळ बसून हे सगळं पाहत होती.

आठवडा संपल्यावर मी लाल आणि काळा दोरा सोडला, बाटल्या दवाखान्यात परत दिल्या. उरलेल्या गोळ्या कोणाच्या कामी येतील असं वाटलं.

माय त्यानंतर सात-आठ वर्षं होती. मी शनिवारी यायची. मी पिशवी खाली ठेवायच्या आत ती विचारायची, "कोणता करू?"

आधी मी नुसतं काहीही कर म्हणायची. ती तशीच उभी राहायची, विळी हातात घेऊन. मग मला कळलं की तिला काय हवं आहे.

"माय, मी मरळच खाईन, रस्सा पातळ कर आणि मीठ थोडं कमी घाल."

मी ते एका दमात म्हणायची. ती शेवटपर्यंत ऐकायची आणि मग विळीवर बसायची.